तडतड

रविवारी दुपारी लाईट गेली. बाहेर पाऊस लागलेला, आत पंखा बंद, वायफाय बंद, त्यामुळे घरातले तिघंही चक्क एका खोलीत. अशा वेळी काहीतरी खायला लागतंच. लेक म्हणाली, ‘‘बाबा, पॉपकॉर्न कर ना.’’ मायक्रोवेव्हची पुडी होती, पण मायक्रोवेव्हलाही वीज लागते हे तिला जरा उशिरा आठवलं. मग मी कपाटाच्या वरच्या फळीवर साबुदाण्याच्या डब्यामागे हात घातला आणि रबर लावलेली मक्याच्या दाण्यांची अर्धी पिशवी बाहेर काढली. ती कधीची, हे विचारू नका. आमच्या घरात पिशवीचा जो कोपरा कापतात, तारीख नेमकी त्याच कोपऱ्यावर छापलेली असते.

गॅसवरचे पॉपकॉर्न ही माझी मक्तेदारी. जाड बुडाचं पातेलं, दोन चमचे तेल आणि त्यात तीन दाणे. दोन नाहीत, चार नाहीत. तिन्ही फुटले की बाकीचे टाकायचे, तेही बूड झाकेल इतकेच. झाकण किंचित तिरकं, म्हणजे वाफ निघून जाते आणि लाह्या चामट होत नाहीत. आणि तिथून पुढे स्वयंपाकघरात कोणी बोलायचं नाही. बायको म्हणते, एवढी शांतता तर तुमच्याकडे आरतीलाही नसते. नसेल. पण आरती करपत नाही. आधी एक फुटतो. मग जरा थांबून दोन. मग पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा कल्लोळ. मग गारा विरळ होत जातात आणि दोन आवाजांच्या मध्ये सावकाश ‘एक, दोन’ म्हणण्याइतकी फट पडली की गॅस बंद. आणखी एक फुटेल म्हणून जो थांबला, त्याने धूर खाल्ला.

त्या दिवशी तिनातला एकच फुटला. दुसरा काळा पडला. तिसरा तेलात नुसता गरगरत राहिला, गावभर हिंडून काम न करणाऱ्या माणसासारखा.

आजी अशा दाण्याला गणंग म्हणायची. तशा माणसालाही गणंगच म्हणायची.

आजोळ मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे लाह्या जोंधळ्याच्या. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून लाह्यांचं काम आदल्या दिवशी. त्याच्याही आदल्या रात्री आजी जोंधळे कढत पाण्यातून काढून निथळायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गच्च बांधून ठेवायची. सकाळी ते गाठोडं उघडलं की एक ओलसर, कोंदट वास यायचा. तो मला अजून येतो, पण कसा ते सांगता येत नाही. चुलीवर लोखंडी कढई तापून निघालेली. आजी त्यात एक मूठ टाकायची आणि फडक्याच्या बोळ्याने दाबून फिरवायची, की बोळ्याखालून पांढरं पांढरं उसळून यायचं. निम्मं कढईत, निम्मं आमच्या अंगावर. शिंकोशीभर लाह्या झाल्या तरी आमचं लक्ष तळाशी. अर्धवट फुटलेले, कुडकुडीत, दातांशी भांडणारे दाणे तिथे असायचे आणि त्यांच्यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. पूर्ण फुललेली लाही कोणालाही मिळते.

त्या फडक्यातल्या ओलीचं कारण मला फार उशिरा कळलं. मक्याच्या दाण्यात 13-14 टक्के पाणी असतं. ते तापून त्याची वाफ होते, पण साल तिला बाहेर पडू देत नाही. 180 अंशांच्या आसपास आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ नऊपट होतो आणि मग साल फाटते. आपल्या कुकरची शिट्टी दुपटीलाच होते, म्हणजे हा बिनशिट्टीचा कुकर म्हणायचा. पाणीच आटलं असेल तर दाणा फुटणार कशाच्या जोरावर? म्हणून ते जुने दाणे मी बरणीत भरले, वर चमचाभर पाणी घातलं, झाकण लावून खळाखळा हलवलं आणि बरणी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. रविवारी आम्ही शेंगदाणे खाल्ले.

गुरुवारी तिन्ही दाणे फुटले.

बटरचं मात्र आमच्यात एकमत नाही. लेकीचं म्हणणं, बटर तेलाऐवजीच घालावं, म्हणजे आतपर्यंत मुरतं. मुरत काही नाही, त्यातला दुधाचा अंश मका तापायच्या आत काळा होतो. आणि नुसतं वितळवून वरून ओतलं, तर त्यातल्या पाण्याने लाह्या मान टाकतात. बटर छोट्या कढईत चुरचुर थांबेपर्यंत तापवायचं. चुरचुर थांबली म्हणजे पाणी गेलं. लोणी कढवताना तेच, फोडणीत मोहरी टाकतानाही कान तिकडेच. स्वयंपाकातलं निम्मं काम कानानेच होतं, असं मला वाटतं. मीठ मिक्सरमधून पिठासारखं फिरवून घ्यायचं, नाहीतर सगळं तळाशी. एवढं केलं की मल्टिप्लेक्समधल्या टबाची किंमत आठवून अंगाची लाही लाही होते, ती जरा शांत होते.

शेवटची काही वर्षं आजी आमच्याकडे होती. तेव्हा तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. यंत्र आणलं होतं, ते ती डबीत जपून ठेवायची, झिजेल म्हणून. मी पॉपकॉर्न करायला घेतले की स्टूल ओढून ओट्याशी बसायची. दातांच्या कवळीने ती ते खाणार नव्हतीच. नॅपकिनची घडी झाकणावर टाकून त्यावर तळवा ठेवायची आणि डोळे मिटायची. मी दोन आकडे मोजून गॅस बंद करायला हात पुढे केला की मान हलवायची. ‘‘थांब, अजून तिघं आहेत.’’ खरंच तिघं असायचे. कधी चार. मी कितीदा मोजलं, ती चुकली म्हणून एकदा तरी चिडवता यावं म्हणून. आल्यागेल्यांच्या बोलण्यात ती हसून मान डोलवायची, ते काही कळून नव्हे, हे आम्हाला माहीत होतं. पातेल्याचं मात्र तिला सगळं कळायचं.

गुरुवारी गारा विरळ झाल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी झाकणावर तळवा ठेवला.

नॅपकिन विसरलो होतो. हात झटकत फ्रीजकडे धावलो, तर बर्फाचा ट्रे रिकामा. आमच्याकडे तो कोणी भरून ठेवतच नाही. नळाखाली हात धरून उभा राहिलो आणि मागे पातेल्यात आणखी दोन फुटले.