हजार की, दहा लाख खाने आणि माझा 0.1 टक्का

हजार की, दहा लाख खाने. हॅश टेबल म्हणजे प्रत्येक की (नोंद ओळखायची संख्या) हिशोबाने एका खान्यात टाकायची; दोन की एकाच खान्यात आल्या तर टक्कर. भागाकार केला, 0.1 टक्का आला आणि मी निर्धास्त झालो. टक्कर झाली तर काय करायचं तो कोड नंतर बघू म्हटलं. रँडम की टाकून हॅश टेबल चालवलं, तर पहिल्याच फेरीत टक्कर. दुसऱ्या फेरीत नाही. तिसऱ्या फेरीत पुन्हा.

मग दोन दिवस कोडवरच संशय. रँडम फंक्शन बदललं, सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) बदललं, तुलनेची ती एक ओळ इतक्यांदा वाचली की पाठ झाली. शेवटी हजार फेऱ्यांचा लूप लावला. 390 च्या आसपास फेऱ्यांत कुठे ना कुठे टक्कर! कुठे 0.1 आणि कुठे 39. कोडमध्ये काही सापडेना, ते आणखीच डोक्यात जात होतं.

भागाकार बरोबर होता, प्रश्नच भलता होता. 'शेवटची की आधीच्या 999 पैकी कुणाच्या खान्यात जाईल का', याचं उत्तर 0.1 टक्का. मला हवं होतं 'कुठल्याही दोन की एकाच खान्यात येतील का'. हजार कींच्या जोड्या होतात 4,99,500. प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक, म्हणजे सरासरीने जवळपास अर्धी टक्कर ठरलेलीच. 23 जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे कोडं मी किती जणांना ऐकवलंय! स्वतःच्या टेबलापुढे बसल्यावर नेमकं तेच आठवलं नाही.

हिशोब पाच मिनिटांचा आहे. पहिली की कुठेही, दुसरीला 9,99,999 खाने मोकळे, तिसरीला 9,99,998. असे अपूर्णांक गुणत जायचे आणि 1 मधून वजा करायचे. किंवा सरळ जोड्या भागिले खाने, इथे 0.4995, ई (2.718 हा गणितातला स्थिरांक) चा उणे तेवढा घात 0.607, ही टक्कर न होण्याची शक्यता, म्हणून टक्कर 39.3 टक्के. निम्मी शक्यता साधारण 1,180 कींना येते. खाने चौपट केले तरी टकरीच्या तेवढ्याच शक्यतेत की दुप्पटच मावतात, हे आधी कळतं तर टेबल फुगवण्यात एक संध्याकाळ गेली नसती. हो, आणि शक्यता फारच बारीक असेल तर 1 मधून वजाबाकी करू नका, संगणक सरळ शून्य दाखवतो. त्यासाठी एक्स्पएम1 (expm1, 'ई चा घात वजा 1' थेट काढणारं) फंक्शन असतं.

एवढं करून खऱ्या की टाकल्या, तर तीसेक टकरा. आता काय! माझ्या सगळ्या की 64 च्या पटीतल्या निघाल्या आणि मी खाना काढत होतो दहा लाखांनी भागून उरलेल्या बाकीवरून. दहा लाखांनाही 64 ने भाग जातो, त्यामुळे वापरात खाने फक्त 15,625. सूत्र धरून चालतं की सगळे खाने सारखेच वाट्याला येतात. माझ्याकडे 64 पैकी 63 कायम रिकामे.

खाने 10,00,003 केले. ती मूळ संख्या आहे, 64 शी तिचा सामाईक भाजक नाही. टकरा पुन्हा कधी शून्य, कधी एक. टक्कर सांभाळणारा कोड तोवर लिहून झाला होता, आदल्या रात्री दोन वाजता, वैतागून.