तुम्ही विचारलंत म्हणून: यादीतली चूक कानाला का कळत नाही?

इंग्रजी व्याकरणाची तयारी करणारे एक प्रश्न हमखास विचारतात. 'पॅरेललिझमचा, म्हणजे समांतर रचनेचा, नियम पाठ आहे. यादीतले सगळे घटक एकाच रूपात हवेत, हेही माहीत आहे. तरी परीक्षेत वाक्य वाचलं की ते बरोबरच वाटतं आणि मार्क जातो. असं का होतं?' विचारणारे बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले असतात आणि एसएससी सीजीएल (केंद्र सरकारी नोकऱ्यांची), सीडीएस (सैन्यातल्या अधिकारीपदांची) किंवा बँकेच्या परीक्षेला बसत असतात. नियम त्यांना खरंच येत असतो. अडचण वाचण्याच्या पद्धतीत असते आणि तिचं मूळ आपल्या भाषेत आहे.

हे वाक्य घ्या: 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टु कुक.' वाचता वाचता मनात मराठी उमटतं: तिला वाचायला, पोहायला आणि स्वयंपाक करायला आवडतं. मराठीत तिन्ही क्रियापदं एका रूपात आली, वाक्य सरळ झालं आणि डोळा पुढे गेला. इंग्रजीत 'कुकिंग' आणि 'टु कुक' ही दोन वेगळी रूपं आहेत. मराठीत त्या दोन्हींचं काम 'स्वयंपाक करायला' हे एकच रूप करतं. म्हणजे अर्थ लावताना आपण ती चूक नकळत दुरुस्त करून टाकतो. शिवाय बोलताना आपण 'वाचन, पोहणं आणि गाणी ऐकायला आवडतं' असंही सहज म्हणून जातो आणि कोणाला खटकत नाही. म्हणून या प्रश्नात कानावर विसंबायचं नाही. रूप डोळ्यांनी तपासायचं.

तपासायचं कसं? मी याला खोड आणि फांद्या म्हणतो. यादी जिथून फुटते तो वाक्याचा समाईक भाग म्हणजे खोड, आणि यादीतला एकेक घटक म्हणजे फांदी. प्रत्येक फांदी एकटी उचलायची, थेट खोडाला जोडायची आणि तेवढंच वाक्य वाचायचं. 'द न्यू मॅनेजर वॉज आस्क्ड टु चेक द अकाउंट्स, ट्रेन द क्लार्क्स अँड सेंडिंग अ रिपोर्ट एव्हरी वीक.' इथे खोड आहे 'वॉज आस्क्ड टु'. 'आस्क्ड टु चेक' जुळलं. 'आस्क्ड टु ट्रेन' जुळलं. 'आस्क्ड टु सेंडिंग' म्हटल्याबरोबर मोडलं. पूर्ण वाक्य एका दमात वाचताना खोड आणि तिसरी फांदी यांच्यात सात-आठ शब्दांचं अंतर पडतं, म्हणून ती चूक लपते. अंतर काढून टाकलं की लपायला जागाच राहत नाही.

शोधायची सुरुवात मात्र खोडापासून करू नका. आधी 'अँड', 'ऑर' किंवा 'बट' शोधा. त्याच्या लगेच पुढचा शब्द कोणत्या रूपात आहे ते पाहा: 'टु' लागलेलं क्रियापद, 'आयएनजी'चं रूप, नाम, विशेषण की पूर्ण वाक्यखंड? मग तिथून मागे चालत या आणि त्याच रूपाचा जोडीदार शोधा. यादीतल्या पहिल्या जोडीदाराच्या अगदी मागे खोड असतं. उलटं चालण्याचा फायदा असा की 'अँड'नंतरची फांदी एकच असते आणि तिची हद्द स्पष्ट असते. पुढून वाचत आलं तर यादी नेमकी कुठे सुरू झाली, यावरच गोंधळ होतो.

खोडाचा शब्द बहुमतापेक्षा मोठा, हे विशेष लक्षात ठेवा. क्लासच्या नोट्समध्ये बहुतेक वेळा 'तिघांपैकी जो वेगळा तो चूक' असं लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. 'ही एन्जॉइज टु रीड, टु पेंट अँड लिसनिंग टु म्युझिक' या वाक्यातली सगळी यादी वाक्य सुधारायच्या प्रश्नात अधोरेखित असेल, तर पर्यायांत तिन्ही ठिकाणी 'टु' असलेली एक यादी मिळेल आणि तिन्ही ठिकाणी 'आयएनजी' असलेली दुसरी. समांतर दोन्ही आहेत. बहुमत पहिलीच्या बाजूने आहे. पण 'एन्जॉय' हे क्रियापद आपल्यापुढे 'टु' चालवून घेत नाही, त्यामुळे 'रीडिंग, पेंटिंग अँड लिसनिंग टु म्युझिक' हेच उत्तर. आणि यादीत दोनच घटक असतील तर बहुमत मोजणार तरी कसं? तिथेही निवाडा खोडच करतं.

यानंतरची चूक बारीक आहे आणि परीक्षकांची आवडती आहे. समाईक शब्द एकदाच सुरुवातीला घ्या किंवा प्रत्येक फांदीला लावा. मधला मार्ग नाही. 'टु रीड, राइट अँड स्पीक' बरोबर. 'टु रीड, टु राइट अँड टु स्पीक' बरोबर. 'टु रीड, राइट अँड टु स्पीक' चूक. 'इन', 'ऑन', 'फॉर' यांनाही हेच लागू: 'ऑन मंडे, वेन्सडे अँड ऑन फ्रायडे' असं लिहिलं की चूक झाली. हे आपल्याला सुचत नाही, कारण मराठीत प्रत्यय ज्याच्या-त्याच्या शब्दाला चिकटलेलाच असतो. आपण 'पुण्यात, नाशकात आणि सोलापुरात' म्हणतो. एखादा 'त' गळून पडला तर ते लगेच कानाला लागतं. इंग्रजीतलं 'इन' सुटं असतं. ते एका जागी असलं आणि दुसऱ्या जागी नसलं, तरी आपल्या कानाला त्याचं काही वाटत नाही.

'दॅट'ची गोष्ट याच्या उलट आहे. 'तो म्हणाला की गाडी उशिरा येणार आहे आणि वाट पाहावी लागेल' यात एक 'की' पुरतो. इंग्रजीत 'ही सेड दॅट द ट्रेन वॉज लेट अँड दॅट वी वुड हॅव टु वेट' असं दुसऱ्या वाक्यखंडापुढेही 'दॅट' लावणं चांगलं. ते नसेल तर 'आम्हाला थांबावं लागेल' हे त्याचं बोलणं की लेखकाचं, हे कळत नाही. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत दुसरा 'दॅट' गाळलेला दिसेल. पण पर्यायांमध्ये 'अँड दॅट' असलेला पर्याय दिसला, तर आधी तोच तपासा.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारा प्रकार. 'ही इज टॉल, स्ट्राँग अँड हॅज अ लाउड व्हॉइस.' वाक्य इतकं ओळखीचं वाटतं की जवळजवळ सगळे 'नो एरर', म्हणजे 'चूक नाही', या पर्यायावर खूण करतात. खोड लावून पाहा: 'ही इज टॉल', 'ही इज स्ट्राँग', 'ही इज हॅज'. तिसरी फांदी या खोडाची नाहीच. खरं तर इथे दोन याद्या आहेत. 'टॉल' आणि 'स्ट्राँग' ही 'इज'ची यादी. 'इज' आणि 'हॅज' ही 'ही'ची यादी. लिहिणाऱ्याने दोन्ही एका स्वल्पविरामात कोंबल्या. दुरुस्ती एका शब्दाची आहे: 'ही इज टॉल अँड स्ट्राँग अँड हॅज अ लाउड व्हॉइस.' दोन 'अँड' आले म्हणून घाबरू नका. दोन याद्या आहेत, त्यामुळे दोन 'अँड' लागणारच. हा एक नमुना नीट समजला की लांबलचक वाक्यांतले निम्मे सापळे आपोआप दिसायला लागतात, म्हणून सरावाचा मोठा वाटा मी यालाच द्यायला सांगतो.

शब्दांची जात बदलण्याचे प्रकार तुलनेने सोपे आहेत. 'हेल्थ, वेल्थ अँड बीइंग हॅपी' असेल तर 'हॅपिनेस' हवं. 'ऑनेस्ट, ब्रेव्ह अँड अ लीडर' यात शेवटी विशेषण हवं. 'क्विकली, अ‍ॅक्युरेटली अँड इन अ केअरफुल मॅनर' असेल तर 'केअरफुली'.

जोडशब्दांकडे मात्र थांबून पाहायला हवं. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो', 'आयदर… ऑर', 'नायदर… नॉर', 'बोथ… अँड'. नियम असा, की पहिल्या शब्दाच्या लगेच पुढे जे रूप आहे, तेच दुसऱ्याच्या लगेच पुढे हवं. 'ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज टिकिट बट ऑल्सो हिज पासपोर्ट.' 'नॉट ओन्ली'पुढे क्रियापद आणि 'बट ऑल्सो'पुढे नाम, म्हणून तोल गेला. 'ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज टिकिट बट ऑल्सो हिज पासपोर्ट' म्हटलं की दोन्हीकडे नाम आलं. आपण म्हणू 'त्याचं नुसतं तिकीटच नाही, तर पासपोर्टही हरवला'. आपले 'च' आणि 'ही' त्या-त्या शब्दाला चिकटतात, म्हणून ते कुठे लावायचे हा प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही. इंग्रजीत 'नॉट ओन्ली' वाक्यात हवं तिथे सरकू शकतं आणि परीक्षक ते मुद्दाम एक घर अलीकडे ठेवतात. या दोन शब्दांवर बोट ठेवून फक्त त्यांच्या पुढचा एकेक शब्द पाहा, बाकी वाक्य झाकलं तरी चालेल. आणि जोडी मोडलेली नाही ना, तेही पाहा: 'बोथ' आलं की त्याच्याबरोबर 'अँड'च हवं, 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' चालत नाही.

तुलनेतही हाच दोष येतो. 'नागपूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक असतो' हे मराठीत निर्दोष आहे. 'द समर ऑफ नागपूर इज हार्शर दॅन पुणे' हे परीक्षेत चूक, कारण उन्हाळ्याची तुलना शहराशी झाली. 'दॅन दॅट ऑफ पुणे' हवं. नाम अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ'. 'प्रिफर'च्या वाक्यातही जपा. 'आय प्रिफर वॉकिंग टु सायकलिंग' बरोबर आहे. इथला 'टु' शब्दयोगी आहे, त्यामुळे त्याच्यापुढे 'सायकल' हे मूळ क्रियापद आणायचं नाही.

नियम पक्का झाला की एक नवीन रोग जडतो: नसलेल्या चुका दिसू लागतात. 'ही वॉज बॉर्न इन रत्नागिरी, वर्क्स इन मुंबई अँड विल रिटायर नेक्स्ट इयर.' तीन वेगळे काळ दिसले म्हणून पुष्कळ जण हे चूक ठरवतात. वाक्य बरोबर आहे. तिन्ही फांद्या 'ही'ला जोडलेली पूर्ण क्रियापदं आहेत आणि घटनाच तीन वेगळ्या काळांतल्या आहेत. समांतर असायला हवी ती रचना. काळ अर्थाप्रमाणे बदलू शकतो. दुसरं वाक्य: 'शी ओपन्ड द शॉप, स्वेप्ट द फ्लोअर अँड लिट द लॅम्प, हमिंग अ ट्यून.' शेवटचं 'हमिंग' यादीत नाही. यादी 'लिट द लॅम्प'वर संपली. 'हमिंग' हे त्या सगळ्या कामांचं वर्णन आहे. तसंच 'बिल्डिंग', 'मीटिंग', 'वेडिंग' या शब्दांच्या शेवटी 'आयएनजी' असलं तरी ती साधी नामं आहेत. 'द टेम्पल, द स्कूल अँड द बिल्डिंग' यात काहीही बिघडलेलं नाही. फांद्यांची लांबीही सारखी असावी लागत नाही. एक फांदी दोन शब्दांची, दुसरी नऊ शब्दांची, असं चालतं. तपासायचा तो फांदीचा पहिला सांधा.

प्रश्नाचा प्रकार पाहून पद्धत थोडी बदलते. चूक शोधायच्या प्रश्नात वाक्याचे तुकडे दिलेले असतात आणि चूक एकाच तुकड्यात असते. म्हणून दोन फांद्या दोन वेगळ्या तुकड्यांत सारख्या असतील आणि तिसरी निराळी, तर उत्तर तिसरीचा तुकडा. वाक्य सुधारायच्या प्रश्नात अधोरेखित नसलेला भाग दगडावरची रेघ समजा. तो बदलता येत नाही, त्यामुळे अधोरेखित भागालाच त्याच्या रूपात यावं लागतं. तिथे पर्याय पूर्ण वाचत बसू नका. प्रत्येक पर्यायाचा पहिला शब्द पाहिला की सहसा दोन पर्याय तिथेच गळतात. उरलेल्या दोघांत अर्थ आणि काळ पाहून निवडा. सीजीएलच्या टियर 1, म्हणजे पहिल्या टप्प्यात, 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, त्यातले 25 इंग्रजीचे. बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला 0.50 वजा. म्हणजे चारपैकी दोन पर्याय खात्रीने गळाले असतील आणि तरी निर्णय होत नसेल, तर प्रश्न सोडून देण्यापेक्षा उरलेल्यांपैकी एक निवडणं हिशेबात फायद्याचं ठरतं.

जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची जुनी पुस्तकं कोणाकडे असतील तर ती टाकू नका. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या परीक्षेच्या नव्या आवृत्तीत वाक्यदुरुस्तीचे प्रश्न काढून टाकले, पण त्या प्रश्नांमधल्या लांब याद्या सरावाला उत्तम आहेत.

सराव कागदावरच करा. रोज पाच वाक्यं पुरेत. खोड एका ओळीवर लिहा आणि फांद्या त्याच्या उजवीकडे एकीखाली एक, पहिले शब्द एका रेषेत येतील अशा. आडव्या ओळीत न दिसणारा 'सेंडिंग' उभ्या रांगेत लगेच उठून दिसतो. पहिले पंधरा दिवस हे हाताने करा, मग नुसत्या नजरेने. त्याच्या जोडीला एक उलटा सराव ठेवा: बरोबर वाक्य घ्या आणि ते स्वतः तीन प्रकारे मोडा. एकदा क्रियापदाचं रूप बदलून, एकदा मधलाच 'टु' उडवून, एकदा 'नॉट ओन्ली' एक घर सरकवून. सापळा आपल्या हाताने लावलेला असला की दुसऱ्याचा ओळखायला वेळ लागत नाही.

आणि 'नो एरर'ची भीती वाटते म्हणून विचारता, तर त्यालाही हीच कसोटी लावा. सगळ्या फांद्या एकेक करून खोडाला लागल्या, समाईक शब्द एकदाच आला किंवा सगळीकडे आला, जोडशब्दांपुढची रूपं जुळली, तर यादीत चूक नाही. मग कर्ता-क्रियापद आणि काळ यांवर एक नजर टाका, 'नो एरर'वर खूण करा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.