डोंगरात दर्या कुठून आला?

काम तसं साधं होतं. डोंगरात भटकणाऱ्यांसाठी खिशात मावेल अशी ३२ पानी सूचनापुस्तिका, मजकूर ९ पॉइंटात. फॉन्ट मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकला होता: जाड-बारीक रेषांचा, बोरूने लिहिल्यासारखा. मुखपृष्ठावर तो असा काही खुलला की आतल्या पानांवर कसा दिसेल हे तपासायचंच राहिलं.

छपाईच्या आदल्या दिवशी मुद्रितं वाचणाऱ्या काकांचा फोन आला. "अहो, डोंगरात दर्या कुठून आला?"

पान ११ वर छापलं होतं, 'धुक्यात दर्यांमध्ये उतरू नका.' मूळ मजकूर काढून पाहिला, तर तिथे 'दऱ्यांमध्ये' व्यवस्थित होतं. मग मध्ये कुणी बदललं?

बदललं आम्हीच. माझ्या लाडक्या फॉन्टात ऱ्या जुळतच नव्हता. र खाली नुक्ता, त्याचा पाय मोडलेला आणि शेजारी सुटा या, असं दिसायचं. पानं लावणाऱ्या सहकाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटली. त्याने ते खोडून साधा र्या टाईप केला. पान सुंदर दिसू लागलं आणि दऱ्यांचा समुद्र झाला. त्याला काय बोलणार? फॉन्ट माझा होता.

त्या रात्री मी चाचणीचा मजकूर तयार केला. पूर्वी फॉन्ट निवडताना मी नेहमी 'कमल', 'नमन' असली गुळगुळीत अक्षरं लावून बघायचो; त्यात कुठलाही फॉन्ट देखणाच दिसतो. या वेळी मुद्दाम अडचणीचे शब्द घेतले: दऱ्या, वाऱ्याने, वर्षांत, उष्ट्र, निश्चल. ९ पॉइंटात छापून हातभर अंतरावर धरले. 'वर्षांत'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता ठिपका उरला, ते फॉन्ट बाद. ल आणि श हिंदी वळणाचे आले, तिथे आधी प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा मराठी केली. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, फक्त मागावी लागतात. (इतकी वर्षं मी ती मागितलीच नव्हती.)

शेवटी मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. त्यात मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श मुळातच आहेत, पण ठळक वजन (अक्षराचं जाड रूप) नाही. धोक्याच्या सूचना ठळक हव्याच होत्या. प्रोग्रॅमकडून कृत्रिम जाडी दिली असती तर अक्षरांतल्या मोकळ्या जागा बुजल्या असत्या, म्हणून त्या सूचना 'मुक्त' या फॉन्टात लावल्या. त्यात सात वजनं आहेत. दोन वेगळ्या घराण्यांचे फॉन्ट एका पानावर मला सहसा रुचत नाहीत. इथे मात्र सूचना वेगळी दिसणं सोयीचंच होतं.

मजकूर वाढून दोन पानं पुढे सरकला, ओळी पुन्हा बसवाव्या लागल्या. छपाई एक दिवस लांबली.

मुखपृष्ठावर मात्र जुनाच फॉन्ट ठेवला. शीर्षकात ऱ्या नव्हता.