अजब बंगला, चर्च आणि लिंगोचं गाणं

रविवार, रात्र

आज मावशीला घेऊन नागपूरला गेले. आधी अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय. दगडी मूर्ती, जुन्या तलवारी मावशीने चालता चालताच पाहिल्या. आदिवासी दालनात मात्र ती थांबली ती हलेचना. ती गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाकडची. "हे त आमच्या गावात घरोघरी होतं. काचेत कायले ठेवलं?" मला उत्तर सुचलं नाही.

हे संग्रहालय १८६३ चं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आमच्या टाकळघाटाजवळ बुडाले. आमच्याकडची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन काळी गोल मांडलेले मोठे दगड, पाहून रात्री घोड्यावरून परतताना वाटेतल्या नाल्याला पूर होता. घोडा तेवढा पोचला. गाई चारताना आम्ही ज्या दगडांवर बसायचो, त्यांच्यापायी माणूस गेला, हे मला फार उशिरा कळलं. हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, गोंडांच्या देवपुरुषाचं, लिंगोचं गाणं उतरवून घेतलं होतं. रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने ते १८६६ मध्ये छापलं. त्या गाण्यात गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो. मावशीला हे सांगावं लागलं नाही. ती गुहा म्हणजे सालेकशाजवळची कचारगडची, असं गोंड मानतात. माघ पौर्णिमेला तिथे ती लहानपणापासून जाते. उलट तिनेच मला देवांची नावं सांगितली, तीही त्या काचेसमोर उभी राहून.

मग सदरचं ऑल सेंट्स चर्च. १८५१ चं. आत गार, उंच, शांत. मावशी चप्पल काढून आत गेली, कोणी सांगितलं नव्हतं. हिस्लॉप या चर्चचे नव्हते, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्च या वेगळ्या पंथाचे. पण वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं ते इथेच, २९ नोव्हेंबर १९७० ला. एवढी मोठी घटना आपल्या नागपुरात घडली आणि शाळेत कधी कोणी बोललं नाही, याची हळहळ वाटली.

दिवसभर एकच विचार डोक्यात आहे. परधान ज्या किंगरीवर, म्हणजे तंतुवाद्यावर, ही कथा गातात, तिचा आवाज त्या दालनात ऐकू यायला हवा. पाट्या मराठीबरोबर गोंडीतही हव्यात, म्हणजे मावशीसारख्या बाईला तिथे पाहुणी म्हणून उभं राहावं लागणार नाही. संग्रहालयाला तसं पत्र लिहायला घेतलंय. देवांची नावं मावशीकडून नीट विचारून घालीन.