समासातली काकवी

आपल्या शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेच्या संपादकांनी पत्र पाठवून ‘हृद्य आठवणी’ मागवल्या आहेत. ‘हृद्य’ शब्द दिसला की माझा हात आपोआप आखडतो आणि याला जबाबदार आपलेच इंग्रजीचे सर. १९८० च्या आगेमागे ज्यांची नववी-दहावी झाली त्यांना कोणते सर हे सांगायला नको.

‘माय मदर’ हा निबंध तेव्हा दरवर्षी असायचा. त्यात आईच्या डोळ्यांतल्या गंगायमुना, तिचं सागरासारखं काळीज, सगळं गाइडातून उतरलेलं असे. सर वाक्य खोडत नसत. समासात लाल शाईने बारीक अक्षरात एवढंच लिहीत : ‘ट्रीकल’. पहिल्यांदा वह्या परत मिळाल्या तेव्हा हा शब्द कुणालाच कळला नाही. सर म्हणाले, “ट्रीकल म्हणजे काकवी. अरे, गुऱ्हाळाच्या गावातली पोरं तुम्ही, आणि वहीत सांडता?”

मग पुढचे काही तास अभ्यासक्रम बाजूला राहिला. (ते तसे बऱ्याचदा राहायचे, तपासनीस आले की मात्र फळ्यावर धडा असे.) सरांनी आमच्याकडून मराठीतले मऊपणाचे शब्द मागवले. लुसलुशीत, मऊसूत, भुसभुशीत, तलम. मग पिलपिलीत, लिबलिबीत, गिजगिजीत, बुळबुळीत, गिच्च. मागच्या बाकांवरून दुसऱ्या प्रकारचे शब्द जास्त आले. फळ्यावर मधोमध रेघ मारून सरांनी एकीकडे हवाहवासा मऊपणा लिहिला, दुसरीकडे हात पुसावासा वाटणारा. त्याखाली तसेच इंग्रजी शब्द मांडले. डावीकडे सॉफ्ट, टेंडर, डाउनी. उजवीकडे मशी, स्लशी, सॉपी. आणि म्हणाले, इंग्रज माणसाला कुणाचा गहिवर खोटा किंवा फाजील वाटला की तो शिवी शोधायला नेहमी उजवीकडे जातो, डावीकडे कधीच नाही.

मश म्हणजे अमेरिकेत मक्याच्या पिठाची शिजवलेली घट्ट पेज. स्लश म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा रस्त्यावरचा राडा. हे आम्हाला काही केल्या डोळ्यांसमोर येईना. सॉप म्हणजे दुधात किंवा रश्श्यात भिजवलेला पावाचा तुकडा, त्यावरून सॉपी. हे लगेच पटलं, कारण चहात पाव बुडवून गप्पा मारत बसलं की काय होतं ते प्रत्येकाला माहीत होतं. सर रात्री बीबीसी ऐकत. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाई आपल्याच पक्षातल्या मवाळ मंत्र्यांना ‘वेट’ म्हणजे ओले म्हणतात, ही बातमी त्यांनी त्याच आठवड्यात वर्गात आणली आणि ओल्याचिंब मंत्र्यांवर आम्ही खूप हसलो.

काकवीची गोष्ट मात्र त्यांनी सावकाश सांगितली. ग्रीक भाषेत ‘थीरिआके’ म्हणजे विषारी जनावराच्या दंशावरचा उतारा. पुढे त्याचं मोठं प्रस्थ झालं. डझनावारी औषधी, त्यात सापाचं मांससुद्धा, आणि हे सगळं मधात कालवलेलं. व्हेनिसचा उतारा युरोपभर नावाजलेला. हे मात्रेसारखं चाटण म्हणजे इंग्रजीतलं ट्रीकल. काळाच्या ओघात औषध गेलं, पाक उरला, आणि साखर शुद्ध करताना राहणाऱ्या काळ्या चिकट द्रवाला तेच नाव मिळालं. सर म्हणत, निबंधांचंही असंच होतं. मूळ दुखणं आणि त्यावरचा उपाय दोन्ही नाहीसे होतात.

‘सॅकरिन’ हे तर आपल्याच घरचं. संस्कृत शर्करा ग्रीक-लॅटिनमधून फिरून तिकडे गेली. शर्करेचा जुना अर्थ खडे, रेती. इतक्या खरबरीत शब्दाचं पुढे गुळचट बोलण्याचं विशेषण व्हावं, याची सरांना फार मौज वाटे.

‘मॉडलिन’ हा शब्द बायबलमधल्या मेरी मॅग्डलीनवरून आला. जुन्या चित्रांतून ती रडतानाच दिसते, म्हणून रडव्या माणसाला, विशेषतः दारू चढल्यावर गळ्यात पडून रडणाऱ्याला, हे विशेषण लागलं. ऑक्सफर्डचं मॅग्डलेन कॉलेजही उच्चारात ‘मॉडलिन’च आहे. ‘मॉकिश’च्या मुळाशी तर अळी आहे. ‘मॉक’ म्हणजे अळी. त्यावरून आधी मळमळ, मग मळमळ आणणारी चव, आणि शेवटी तशा भावना. हा शब्द शिकल्यावर डबा खाताना तो उच्चारायला मुलींनी बंदी घातली होती.

एक शब्द सरांच्या यादीत नव्हता. तो मला खूप नंतर, मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना एका ज्यू खानावळीत भेटला : श्माल्ट्झ. म्हणजे कोंबडीची कढवलेली चरबी. डुकराची चरबी ज्यूंना निषिद्ध, मांसाबरोबर लोणी चालत नाही, म्हणून पूर्व युरोपातल्या त्यांच्या स्वयंपाकघरांत हीच वापरत. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या वादकांनी रडक्या, ओथंबलेल्या संगीताला हे नाव दिलं. उजव्या बाजूला एक भर, असं मी मनात म्हटलं.

सर कोरडे होते असं कुणाला वाटेल. वर्गातल्या एका मुलीने मेलेल्या बैलावर निबंध लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं : ‘वुइ डिड नॉट गो टू द मार्केट दॅट डे.’ ते वाचून दाखवताना सर अडखळले, आणि त्या वहीच्या समासात काहीच लिहिलेलं नव्हतं.

तरी एका बाबतीत माझं त्यांच्याशी जुळत नाही. कादंबरीकार डिकन्सने १८४१ मध्ये ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीतल्या छोट्या नेलला मारलं तेव्हा इंग्लंड रडलं आणि पुढच्या पिढ्या त्यावरच हसल्या. ट्रीकलचा मोठा पिंप म्हणून सर हे उदाहरण देत. पण त्या काळी घरोघरी मुलं दगावत होती. खुद्द डिकन्सची मेव्हणी मेरी १८३७ मध्ये सतराव्या वर्षी अचानक गेली होती, आणि नेलचा मृत्यू लिहिताना ती जखम पुन्हा उघडल्याचं त्याने मित्राला कळवलं होतं. मग ती काकवी म्हणायची की तिच्यात औषध शिल्लक होतं?

सर महोत्सवाला येणार आहेत असं संयोजक सांगतात. भाषणं लांबलीच तर मागच्या रांगेत त्यांच्या शेजारी बसून हा वाद घालायचा बेत आहे.