घर नाकारण्यामागचे कारण

मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर सातव्या दिवशी, ११ एप्रिल १९६८ रोजी, अमेरिकेत फेअर हाउसिंग कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली आणि वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर विकण्यास वा भाड्याने देण्यास नकार देणे बेकायदेशीर ठरले. १९७४ मध्ये त्यात लिंगाची, तर १९८८ मध्ये अपंगत्वाची आणि मुले असलेल्या कुटुंबांची भर पडली. ही शेवटची भर मला फार मोलाची वाटते, कारण पदरी लहान मूल असणाऱ्यालाच निवाऱ्याची निकड सर्वाधिक असते.

उघड नकार लगेच ओळखता येतो. अवघड असतो तो गोड शब्दांतला नकार: घर रिकामे असूनही ‘जागा गेली’ असे सांगणे, एकाच भाडेकरूकडून जास्त अनामत मागणे किंवा ग्राहकाचा वंश पाहून दलालाने त्याला ठरावीक वस्तीतलीच घरे दाखवणे. हेही कायद्याने निषिद्धच आहे, परंतु ते सिद्ध करावे लागते. म्हणून जाहिरात, संदेश आणि तारखा जपून ठेवाव्यात, असे मी कळकळीने सांगेन. केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे तक्रार एका वर्षात करावी लागते, न्यायालयात दावा दोन वर्षांत. तक्रार केली म्हणून घरमालकाने सूड उगवणे, हेही बेकायदेशीर आहे.