येऊरची हिवाळी नोंद: 'पर्णवटवट्या, अनिश्चित'

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या डिसेंबरच्या पक्षीयादीत सगळ्यात फुगलेली ओळ हीच होती: पानांत वावरणारे, एकमेकांसारखे दिसणारे छोटे पक्षी, ओळख न पटलेले. जानेवारीत ती बरीच आटली, कारण क्रम बदलला: आधी कान, मग दुर्बीण. पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात करडा पक्षीही हिरवा दिसतो, त्यामुळे रंगापासून सुरुवात केली की फसगत ठरलेली.

या पर्णवटवट्यांपैकी ग्रीनिश वॉर्बलरची हाक तीक्ष्ण, दोन तुकड्यांची: 'चि-स्वी'. गोची अशी की वेस्टर्न क्राउन्डही जवळपास तसाच ओरडतो. मग डोकं बघायचं. माथ्यावर मधोमध फिकट पट्टा, चोच दणकट, पंखावर दोन पट्ट्या असतील तर क्राउन्ड. ग्रीनिशचा माथा एकरंगी आणि पंखावर एकच बारीक पट्टी. तीही पिसं झिजली की पुसट होते, म्हणून 'पट्टी नाही, सबब ग्रीनिश नाही' हा हिशेब जानेवारीत चालत नाही. दोन पट्ट्या, पण अंगाने इवलासा आणि चोच-पाय काळपट, तो ह्यूम्स. खडकांवर नि बुंध्यांवर चढत फिरणारा, गंधकी पोटाचा, तो सल्फर-बेलीड. खाली झुडपात 'चक्, चक्' करणारा तपकिरी ब्लाइथ्स रीड मुळात या ढिगातलाच नव्हे.

माशीमारांत रेड-ब्रेस्टेड की टैगा हा वाद छातीवर सोडवू नये; माद्या आणि पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं दोन्हींत फिकटच असतात. खालची चोच बुडाशी फिकट असेल तर रेड-ब्रेस्टेड. चोच पूर्ण काळी आणि शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीहून गडद काळी असतील तर टैगा. म्हणजे एक फोटो पाठमोरा हवाच.

राखी कोतवाल सोपा: डोळा लालभडक. साध्या कोतवालाच्या चोचीच्या कोपऱ्याशी पांढरा ठिपका असतो.

दुर्बीण ८×४२ पुरे. १०× मध्ये दृश्य अरुंद होतं, हात जास्त हलतो आणि शेंड्यातला पक्षी हातचा जातो. हाक मोबाइलवर ३० सेकंद रेकॉर्ड करावी, तेवढा वेळ पाय हलवू नयेत. वाळक्या पानांचा चुरचुराट हाकेवर चढतो. मर्लिनने (आवाजावरून पक्षी ओळखणारं मोबाइल अ‍ॅप) सुचवलेलं नाव ही फक्त शंका, पक्षी दिसल्याशिवाय नोंद नाही. हाक वाजवून पक्षी बोलावणं तर नकोच.

टिटलर्स हा आणखी एक पर्णवटवट्या अजून 'अनिश्चित'मध्येच आहे. पट्टी नाही, चोच लांब, बारीक, काळसर. पण झिजलेला ग्रीनिशही लांबून असाच भासतो. ग्रीनिशची खालची चोच फिकट असते, तेव्हा चोचीचा स्वच्छ, बाजूने घेतलेला फोटो मिळेपर्यंत नोंद तिथेच राहील.